तेलाखालचे मीठ

पितळी तांब्या वहिनीच्या कानाजवळून गेला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. त्यामागून आलेला पेला मात्र नेमका कपाळावर बसला. भुवईच्या वर कातडी फाटली, डोळ्यात रक्त उतरले, आणि उरलेल्या एका डोळ्याने तिला दिसले की खाटेवरचा म्हातारा आता काठी चाचपतो आहे.

"चालती हो. पुन्हा या उंबऱ्यावर दिसलीस तर तंगडं मोडीन."

म्हाताऱ्याची सून आतून धावत आली. वहिनीच्या कपाळावर फडके दाबत ती हळूच म्हणाली, की बाई, तुम्ही कशाला येता, पोलीस चौकीतल्या माणसाचं नाव काढलं तरी यांचं डोकं फिरतं. वहिनीने फडके स्वतःच्या हाताने धरले आणि ती तिथेच उभी राहिली. घाबरली नव्हती असे नाही. पण विचारल्याशिवाय जायचे नाही असे ठरवून ती आली होती, आणि एकदा ठरवले की ती खेचराची सख्खी बहीण होती.

"वस्ताद, एवढंच सांगा. गोळी सुटल्यावर पुंगळी आत का अडकते?"

"तुझ्या नवऱ्याला जाऊन विचार," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

आता नवऱ्याला विचारायचे तर वहिनीला आधी मरावे लागले असते. नवरा हवालदार होता, त्याला जाऊन बरीच वर्षे झाली होती. गेला म्हणजे अंथरुणात पडून गेला नव्हता. त्या साली गावात दंगल उसळली, चौकात जमाव आला, आणि हवालदाराने पहिली गोळी हवेत झाडली. दुसऱ्या गोळीसाठी त्याने रायफलीचा बोल्ट मागे ओढला, तो आलाच नाही. काडतुसाची रिकामी पुंगळी घरात, म्हणजे नळीच्या मागच्या ज्या पोकळीत काडतूस बसते तिथे, रुतून बसली होती. त्याने बोल्टवर टाच मारली, रायफल गुडघ्यावर आपटली. जमावाला अशा गोष्टी कळायला वेळ लागत नाही. बंदुकीचे लाकूड झालेले दिसले आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. आधी दगड, मग लाथा, आणि शेवटी त्याच्याच रायफलीचा दस्ता. दस्ता चिरेपर्यंत मारले. एवढे होऊनही जीव जायला अख्खी दुपार लागली. दवाखान्यात वहिनी शेजारी बसली होती. जबड्याचा चुरा झाला होता, त्यामुळे तो बोलू शकत नव्हता. नुसता तिचा हात दाबत राहिला, आणि मग दाबेनासा झाला.

शस्त्रांची देखभाल तेव्हा या वस्तादाकडे होती. हवालदाराचे प्रेत घरी पोहोचायच्या आत चौकीतल्या शिपायांनी म्हाताऱ्याला शस्त्रांच्या खोलीतच गाठले, पट्ट्यांनी सोलून काढले आणि त्याचे उजवे मनगट लोखंडी दारात घालून दार ओढून घेतले. तुझ्या हरामखोरीने आमचा माणूस गेला, असे म्हणत मारत होते म्हणे. वहिनीला हे कोणीतरी येऊन सांगितले तेव्हा तिला बरे वाटले होते. खोटे कशाला बोलायचे? तोवर घशाखाली घास उतरत नव्हता, त्या दिवशी ती जेवली.

मग सरकारने नवऱ्याच्या जागी तिला चौकीत चिकटवले. बाईमाणूस, शिक्षण बेताचे, ठेवायचे कुठे? शस्त्रांच्या खोलीत कोणी जायला तयार नव्हते, तिथे ठेवले. खोली म्हणजे एक जाळीची खिडकी, एक लांब टेबल, विजेची शेगडी आणि भिंतीला ओळीने उभ्या केलेल्या रायफली. कोणत्या तरी जुन्या लढाईत सैन्याने वापरून टाकलेल्या, पोलिसांनी उचललेल्या, वहिनीच्या सासऱ्यापेक्षा वयाने मोठ्या. काडतुसेही त्यांच्याच पिढीची. चौकीतले सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण हवालदार सगळ्यांचा दादा होता. वहिनी रायफली पुसायची, तेल द्यायची, खिडकीतून द्यायची-घ्यायची. आत काय चालते हे तिला कोणी शिकवले नाही, आणि खरे तर शिकवणाऱ्यांनाही येत नव्हते.

सल्ले मात्र पोत्याने मिळायचे. जेवढी तोंडे तेवढी औषधे. एक जमादार म्हणायचा रॉकेल; दुसरा म्हणायचा रॉकेलने नळी जळते, विटेची पूड लावा. गाडीचा ड्रायव्हर इंजिनाचे जळके तेल आणून द्यायचा आणि वर उपकार केल्यासारखा उभा राहायचा. एका पोरगेल्या शिपायाने फोनवर एक व्हिडिओ शोधून काढला, त्यात एक टकला माणूस बाटलीतल्या थंड पेयाने रायफल धूत होता. खात्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात लिहिले होते, शस्त्र पाण्यापासून दूर ठेवावे व भरपूर तेल लावावे. सगळ्यांचे एकाच गोष्टीवर एकमत होते, की लोखंडाला पाणी म्हणजे वैरी. वहिनीलाही ते पटलेले होते. तवा ओला ठेवला की काय होते हे कोणत्या बाईला सांगावे लागते?

इतकी वर्षे यातच निघाली असती. पण गावातली हवा पुन्हा तापू लागली आणि त्यातच दिराची बदली याच चौकीत झाली.

दिराला घरात बारक्या म्हणत. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेच्या पहिल्या इयत्तेत होता आणि सासू त्याच साली गेली. नाक पुसण्यापासून नोकरी लावण्यापर्यंत सगळे वहिनीने केले. स्वतःला मूल झाले नाही, त्याचे दुःख करायला या पोराने तिला सवडच दिली नव्हती. आता तो चांगला बाप्या झाला होता, त्याला बायको होती, तरी वहिनीच्या ताटातली पोळी उचलून पळायची खोड गेली नव्हती. पहिल्याच सरावाला गोळीबाराच्या मैदानावर त्याची रायफल अडकली. परत आल्यावर त्याने ती खिडकीत ठेवली आणि हसत म्हणाला, वहिनी, ही तुझ्यासारखी आहे, एकदा तोंड मिटलं की मिटलं. सगळे हसले. वहिनीने घरी जाऊन भांडी घासायला घेतली आणि घासता घासता एक ताट वाकवून ठेवले.

म्हणून ती वस्तादाकडे गेली होती. ज्याच्यामुळे आपला नवरा गेला असे ती मानत होती त्याच्याच दारात जाऊन उभे राहायचे, आणि वर पेला खायचा. पण गावात दुसरे कोणी उरलेच नव्हते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसा मानही नसतो.

कपाळावरची खपली निघायच्या आत ती पुन्हा गेली. म्हातारा खाटेवर बसला होता. उजवा हात मांडीवर उलटा पडलेला, मनगट मोडून जुळलेल्या फांदीसारखे वाकडे. त्याने तिच्या कपाळाकडे पाहिले.

"आज काही फेकत नाही तुम्ही," वहिनी म्हणाली.

"सुनेने भांडी उचलून ठेवलीत." त्याने वाकडे मनगट डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवले. मग म्हणाला, "कोणाची अडकली?"

"दिराची."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. मग तो बोलायला लागला तो थांबेचना. इतक्या वर्षांत कोणी विचारलेच नव्हते, तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तसे झाले. काडतुसे जुन्या पद्धतीची, तो सांगत होता. चाप ओढला की काडतुसाच्या बुडाची टोपी पेटते आणि तिच्यातून एक प्रकारचे मीठ उडते. ते नळीभर, काडतुसाच्या घरभर बसते, डोळ्यांना दिसत नाही. मीठ हवेतली ओल खेचते, बरणीचे झाकण उघडे राहिले की बघतेसच ना. सकाळपर्यंत लोखंड चरायला सुरुवात.

"आणि मीठ तेलात विरघळतं का गं? आमटीत तेल ओतून खारटपणा जातो? मीठ पाण्याने जातं. उकळतं पाणी, त्याच दिवशी, नळीतून ओतायचं. नळी एवढी तापते की पाणी जागच्या जागी सुकतं. मग चिंधी फिरव. कोरडी झाली की मग तेल. आधी तेल दिलंस तर मिठावर पांघरूण घातलंस. खाली ते निवांत चरत बसतं. चरलेल्या घरात पुंगळी फुगली की रुतते."

वहिनीने विचारले, हे तुम्ही चौकीत कधी सांगितले नाही? सांगितले होते. हसले होते. लोखंडाला पाणी घालायला निघाला, वस्तादाला म्हातारचळ लागला, म्हणाले. तपासणीला साहेब नळीत बोट घालून फिरवायचे. बोटाला तेल लागले की शाबास, नाही लागले की शिक्षा. शिपाई काय करील? मैदानावरून आला की तेलात बुचकळून ठेवील. एकदा खोलीत उकळत्या पाण्याचे पातेले दिसले म्हणून साहेबांनी वस्तादालाच सगळ्यांसमोर उन्हात उभे केले होते.

वहिनीला हे पटत होते आणि पटायला नको होते. कारण पुढचा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता.

"पण मग ह्यांची का अडकली? हे तर रोज तेल द्यायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा जाऊन द्यायचे. अख्ख्या चौकीत ह्यांच्यासारखी रायफल कोणाची नव्हती, बक्षीस मिळालं होतं."

"म्हणूनच अडकली," म्हातारा म्हणाला.

वहिनीचा हात उठला आणि म्हाताऱ्याच्या थोबाडीत बसला. आवाज एवढा झाला की सून आतून डोकावली. आयुष्यात वहिनीने कोणाला मारले नव्हते, बारक्याला लहानपणीसुद्धा नाही, आणि मारले ते सत्तरी ओलांडलेल्या लुळ्या हाताच्या माणसाला. म्हाताऱ्याच्या ओठातून रक्त आले. त्याने ते डाव्या हाताच्या पालथ्या बोटांनी पुसले.

"मार. तुझ्या लोकांनी मनगट मोडलं, तू दात पाड. मीठ काही तुझ्याकडे बघून गोड होणार नाही."

ती निघून आली. रस्ताभर म्हाताऱ्याला शिव्या घालत आली. स्वतःचे पाप मेलेल्या माणसावर ढकलतो, कुठे फेडील. पण मनात किडा शिरला तो शिरलाच. पुढच्या सरावाच्या दिवशी तिने सारख्याच बेताच्या दोन रायफली बाजूला काढल्या. एकीला नेहमीसारखे तेल दिले, अगदी सढळ हाताने. दुसरीचा बोल्ट जीव मुठीत धरून काढला, तोंड खाली करून ती टेबलाला तिरकी टेकवली, शेगडीवर पाणी उकळले, नरसाळे लावले आणि ओतले. ओतताना तिला गाईच्या कानात पाणी घातल्यासारखे पाप वाटत होते. नळी हाताला लागू देईना एवढी तापली, वाफ निघाली, आणि खरोखर जागच्या जागी सुकली. मग चिंधी, मग तेल. दोन्ही शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि काही दिवस त्यांना हात लावला नाही.

नंतर तिने पाण्याच्या रायफलीतून पांढरी चिंधी ओढली. चिंधी तेलकट पिवळी बाहेर आली. तेलाच्या रायफलीतून ओढली ती तांबडी झाली, जखम पुसल्यासारखी.

कोपऱ्यात हवालदाराची रायफल होती. चौकशी संपल्यावर परत आलेली, चिरलेल्या दस्त्याची. ती कोणाला द्यायची नाही एवढाच वहिनीचा कायदा होता. दस्त्याच्या चिरेत काय अडकले असेल या विचाराने तिने ती कधी हातात घेतली नव्हती. आज घेतली. बोल्ट काढला, आरशाचा तुकडा लावला, बॅटरीचा झोत आत टाकला. घर वाळवी लागलेल्या लाकडासारखे झाले होते. बाहेरून मात्र रायफल अजून चकाकत होती, एवढे तेल त्या माणसाने तिला पाजले होते. माणसाला आणि लोखंडाला दिलेले तेल कधी वाया जात नाही, असे तो म्हणायचा, आणि बाही वर करून तासन् तास चोळत बसायचा. वहिनीला त्याचा राग आला, मग कीव आली, मग ती टेबलावर डोके ठेवून रडली. इतकी वर्षे म्हाताऱ्याचा द्वेष करून तिने दिवस ढकलले होते. आता तोही आधार गेला.

दुसऱ्या दिवशी तिने तांबडी चिंधी नेऊन वस्तादाच्या मांडीवर ठेवली. पाया पडायचे मनात होते, पण तिला ते नाटकी वाटले. ती नुसती खाटेशेजारी जमिनीवर बसली.

"कळलं?" म्हाताऱ्याने विचारले.

"कळलं."

"मग आता नीट ऐक."

नंतर ती बरेचदा गेली. म्हातारा बोलायचा, ती येऊन करायची, चुकले की पुन्हा जायची. शिव्या मिळायच्या, पण भांडी फेकणे बंद झाले होते. म्हाताऱ्याने सगळ्यात आधी सांगितले ते हे, की घर एकदा चरले की त्याला इलाज नाही. ती रायफल काठी समजायची आणि कोणाच्या हातात द्यायची नाही. वहिनीने भिंतीवरची एकेक तपासली. निम्म्याहून अधिक काठ्याच निघाल्या. मोठ्या साहेबांना जाऊन सांगितले तर ते म्हणाले, बाई, काठी तर काठी, खांद्यावर दिसली पाहिजे. लोक आवाजाला भितात त्याहून दिसण्याला भितात. नव्या कधी येतील? मागणी गेली आहे. मागणी हवालदाराच्या वेळेपासून गेलेलीच होती.

मग वहिनीने आपल्या परीने केले. ज्या बऱ्या होत्या त्या जपल्या, आणि त्यातली एक, जिचे घर नव्या भांड्यासारखे होते, ती बारक्यासाठी वेगळी ठेवली. बंदोबस्ताच्या सकाळी तो रांगेत मागे उभा होता, तरी त्याला पुढे बोलावून दिली. दुसऱ्यांच्या हातात तिने काय दिले ते तिला माहीत होते. त्यांच्याही घरी आया-बहिणी होत्या. तिला त्याची लाज वाटली, पण हात मागे घेण्याएवढी नाही.

बारक्या म्हणाला, "वहिनी, अगं मी हवेतच मारणार. अडकली काय न अडकली काय."

"तुझा भाऊही हवेतच मारत होता," ती म्हणाली. "ही अडकणार नाही. एवढं लक्षात ठेव."

दुपारी सुरू झाले. शस्त्रांच्या खोलीतून दिसत काही नव्हते, ऐकू सगळे येत होते. आधी लांबून आवाज, मग चौकातली दुकाने बंद होण्याचा खडखडाट, मग पत्र्यावर दगड. चौकीची पुढची काच फुटली. एक शिपाई लंगडत आत आला आणि पोर्चमध्ये कोसळला. त्याची टाळू एवढी उघडी पडली होती की वहिनीने पाहिले आणि नजर काढून घेतली. कोणाला तरी जिवंत पेटवले असे कोणी ओरडत गेले, ते खरे की खोटे हे विचारायला कोणी थांबले नाही. जळक्या रबराचा वास खिडकीतून आत येत होता.

मग भिंतीपलीकडून, अगदी जवळून, गोळीचा आवाज झाला. एक.

ती टेबल धरून उभी राहिली. इथेच, याच मधल्या वेळात, हवालदार मेला होता. ये, ती म्हणाली, मागे ये, ये बाबा. आणि दुसरा आवाज झाला.

"आला," वहिनी मोठ्याने म्हणाली. "बोल्ट आला." ती खाली बसली आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती हसत होती. इतक्या वर्षांत तिला एवढा आनंद झाला नव्हता.

दंगल पांगल्यावर माणसे परतली. कोणाचा खांदा निखळला होता, कोणाचे कान फाटले होते. बारक्या सगळ्यांच्या मागे आला. सदऱ्यावर रक्त होते, पण त्याचे नव्हते, तिने आधी हात फिरवून खात्री केली. त्याने रायफल खिडकीत ठेवली आणि तिच्याकडे न बघता बोलायला लागला. सगळे मागे हटत होते. शेजारच्या शिपायाच्या गुडघ्यावर एकाने सळई घातली, तो खाली पडला. सळईवाला डोक्यावर घालणार होता. पहिली मी हवेत मारली, तो थांबला नाही, त्याने सळई वर उचलली. माझ्यापासून या टेबलाएवढा लांब होता.

"वहिनी, अडकली नाही," तो म्हणाला. "मला वाटलं अडकेल. अडकली नाही गं."

मग तो जाळीला धरून ओकला. वहिनीने त्याचे तोंड पुसले, पाठीवरून हात फिरवला, लहानपणी ताप यायचा तेव्हा फिरवायची तसा. तुझ्यामुळे एक माणूस वाचला, ती म्हणाली. त्याने मान हलवली, पण ते त्याच्या कानापर्यंतच गेले. चौकशी व्हायची तेव्हा होईल. साहेबांना सध्या संध्याकाळच्या बंदोबस्ताला त्याच रायफली धुऊन-पुसून हव्या होत्या. वहिनीने शेगडीवर पाणी ठेवले आणि त्याला त्यावर लक्ष ठेवायला बसवले, हाताला काही काम असलेले बरे.

तेवढ्यात साहेबांचे बोलावणे आले. फाटकाशी एक बाई आली आहे, मेलेल्याची, त्या सळईवाल्याची बायको. प्रेत गाडीत आहे, कागद झाल्याशिवाय देता येत नाही, आणि ती हलत नाही. तुम्ही बाईमाणूस आहात, तुम्हीच बघा.

बाई पायरीवर बसली होती. वहिनीपेक्षा बरीच लहान. पायात एकच चप्पल होती, दुसरी धावताना पडली असणार. रडत नव्हती. गाडीच्या बंद दाराकडे बघत होती. वहिनी शेजारी उभी राहिली. दवाखान्यात त्या दुपारी आपल्याशी कोणी काय बोलले होते हे आठवून पाहिले, एक शब्द आठवला नाही.

"सकाळी सांगितलं होतं जाऊ नका," ती बाई म्हणाली. "डोकं तापट होतं. पण घरात कधी हात उचलला नाही हो." मग तिने पहिल्यांदा मान वर करून वहिनीकडे पाहिले. "तुम्ही आतल्या ना? खरं सांगा. लागल्यावर किती वेळ होते?"

"लगेच गेले," वहिनी म्हणाली. "त्यांना कळलंसुद्धा नसेल."

हे खरे होते. बारक्याने जेवढे सांगितले त्यावरून तरी खरे होते. त्या बाईने डोळे मिटले आणि तिचे खांदे जरा सैल झाले, आणि वहिनीला तिचा हेवा वाटला. लगेच गेले. हेवा वाटला हे कळताच तिला स्वतःची एवढी किळस आली की ती पायरीवर बसली.

बारक्या पोर्चमध्ये आला. तोंड धुतले होते, सदरा बदलला होता, चेहरा राखेसारखा. ही बाई कोण याची त्याला कल्पना नव्हती.

"वहिनी, पाणी उकळलं."

बाईने त्याच्याकडे पाहिले. "तुमचा मुलगा?"

"दीर आहे," वहिनी म्हणाली. "मीच वाढवलाय."

"कोवळा आहे अजून." बाईने वहिनीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आज त्याला बाहेर सोडू नका, ताई. लोकांची डोकी फिरलीत. मारून टाकतील."

वहिनीने हो म्हटले. मग बारक्याला म्हणाली, पाणी तूच ओत, तुला येतं. तो जरा वेळ उभा राहिला आणि आत गेला. वहिनीने आपल्या पायातल्या चपला काढून त्या बाईच्या पायांपुढे सरकवल्या, आणि गाडीचे दार उघडेपर्यंत ती तिथून उठली नाही.